शोषखड्डा पाणी पितो, पण विहिरीचे काय? सेप्टिक टाकीसाठी जमीन आणि भूजलातील नायट्रेट तपासण्याची पद्धत

गावाकडे घर बांधताना देवघर कुठे, चूल कुठे, तुळस कुठे यांवर चार दिवस चर्चा होते, पण सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्याची जागा गवंडी उभ्या उभ्या कुदळीने खूण करून ठरवतो. विहिरीपासून साठ फूट अंतर ठेवले, खड्डा खणून त्यात दोन बादल्या पाणी ओतले आणि ते पाहता पाहता जिरले, की मालक समाधानाने म्हणतो, ‘जमीन चांगली आहे, पाणी पिते.’ पाणी जिरते का, ही त्या जमिनीची एक परीक्षा असते. जिरलेल्या पाण्यातील नत्राचे पुढे काय होते, ही दुसरी परीक्षा असून ती सहसा कोणी घेत नाही. अडचण अशी, की पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारी जमीन पुष्कळदा दुसरीत नापास होते. या दोन्ही परीक्षा घरमालकाला, गावातल्या जलसुरक्षकाला किंवा लहान गृहप्रकल्पाच्या अभियंत्याला क्रमाने कशा घेता येतील, ते येथे मांडले आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील जमिनींची घेतली आहेत, कारण काळी माती, मुरूम, जांभा आणि किनाऱ्यावरची वाळू या चौघांचे वागणे इतके वेगळे आहे, की एकच नियम सर्वांना लावता येत नाही.

नत्राचा प्रवास आधी समजून घ्यावा

माणसाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा बहुतांश भाग मूत्रातून जातो. भारतीय आहार गृहीत धरला, तर मल आणि मूत्र मिळून दर माणशी वर्षाला सुमारे २.७ किलो नत्र बाहेर पडते, म्हणजे दिवसाला साधारण ७.४ ग्रॅम. सेप्टिक टाकीत घन मैला तळाशी बसतो आणि तेलकट साय वर तरंगते, परंतु नत्राचा मोठा भाग अमोनियमच्या रूपात विरघळलेला असल्यामुळे तो पाण्याबरोबर बाहेर पडतो. टाकी नत्र काढून टाकण्यासाठी बांधलेलीच नसते. शोषखड्ड्याखालच्या ओलसर पण हवेशीर मातीत जिवाणू या अमोनियमचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मातीच्या चिकण कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋण भारच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही आणि पाणी जाईल तिकडे ते जाते. त्याचा खरा शेवट एकाच ठिकाणी होतो: जिथे प्राणवायू नाही आणि जिवाणूंना खायला सेंद्रिय कर्ब आहे, तिथे त्याचे नत्रवायूत रूपांतर होऊन ते हवेत निघून जाते. अशी जागा वाळूत किंवा जांभ्याच्या पोकळ्यांत क्वचितच सापडते.

रोगजंतूंची गोष्ट वेगळी आहे. ते मातीत गाळले जातात, कणांना चिकटतात आणि मरतात. सेप्टिक टाकीसंबंधीच्या भारतीय मानक २४७० च्या दुसऱ्या भागात शोषण व्यवस्था पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या इमारतीपासून किमान ६ मीटर दूर ठेवण्यास सांगितले आहे. गवंड्याचे ‘साठ फूट’ ते हेच. हे १८ मीटर जंतूंचा विचार करून ठरवलेले आहेत. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात केंब्रिज येथील एका घराच्या सेप्टिक व्यवस्थेचा वाळूतला माग संशोधकांनी काढला, तेव्हा टाकीपासून १३० मीटरवरही नायट्रेटचे प्रमाण मूळच्या निम्म्याहून अधिक होते. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. नायट्रेटच्या दृष्टीने केवळ अंतर हे संरक्षण नव्हे.

पहिली पायरी: आहे ते काय आहे, हे पाहणे

नव्या बांधकामात ही पायरी लहान असते, परंतु जुन्या घरात ती सर्वांत महत्त्वाची ठरते. ज्याला घरचे लोक ‘सेप्टिक टाकी’ म्हणतात, ती पुष्कळदा तळाला काँक्रीट नसलेली, विटांची किंवा चिऱ्याची एक विहीरच असते. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर ती टाकी नसून शोषखड्डा आहे, असे खुशाल धरून चालावे. टाकीला कप्पे किती, बाहेर जाणारा पाइप कुठे सुटतो, गाळ शेवटी केव्हा काढला, घरात नेहमी माणसे किती आणि गणपती-दिवाळीत किती, न्हाणीघराचे व स्वयंपाकघराचे सांडपाणी त्याच टाकीत जाते की परसातल्या केळींना, या गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. आटलेल्या बोअरमध्ये किंवा पडक्या आडात टाकीचे पाणी सोडलेले आढळले, तर पुढचा कोणताही हिशेब करण्याआधी ते बंद करावे, कारण तिथे मातीचा गाळणीथरच ओलांडून मैलापाणी थेट भूजलात ओतले जात असते.

त्यानंतर कागदावर जागेचा ढोबळ नकाशा काढून त्यावर टाकी, शोषखड्डा, १०० मीटरच्या आतील स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या सर्व विहिरी व बोअर, गोठा, उकिरडा, ओढा आणि जमिनीचा उतार दाखवावा. गोठा आणि उकिरडा वगळण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण पुढे नायट्रेट सापडले की पहिला वाद त्यांच्यावरूनच होतो.

दुसरी पायरी: जमिनीचा उभा छेद

शोषखड्ड्याच्या नियोजित तळापेक्षा किमान सव्वा मीटर खोल जाईल असा एक निरीक्षण खड्डा जेसीबीने किंवा माणसे लावून खणावा. खोल खड्ड्याच्या कडा ढासळतात, म्हणून आधार दिल्याशिवाय कोणीही आत उतरू नये; बादलीत आलेली माती वर घेऊनही बरेच कळते. दर ३० सेंटीमीटरला मातीची मूठ वेगळी ठेवावी आणि ओली करून अंगठा व तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढावी. पट्टी निघालीच नाही, तर माती रेताड आहे; २५ मिलिमीटरच्या आत तुटली, तर पोयट्याची; ५० मिलिमीटरच्या पुढे लांबली, तर चिकण. रंगाकडे नीट पाहावे. राखाडी मातीत गंजाचे तांबूस ठिपके दिसले, की पावसाळ्यात पाणी तिथवर चढते असे समजावे, मग मे महिन्यात तो थर कितीही कोरडा असो. पाण्याच्या पातळीचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे.

देशावर हा छेद साधारणपणे काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेला पिवळसर थर, मग मुरूम, मग विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक आणि शेवटी काळा पाषाण, असा दिसतो. मुरूम पाणी झटकन घेतो, पण त्यात बारीक माती कमी असल्याने गाळण्याची आणि नत्र रोखण्याची ताकदही कमी असते. मुरमाखाली भेगाळलेला पाषाण असेल, तर मैलापाणी भेगांच्या वाटेने कुठे निघेल, हे सांगता येत नाही. भेगाळ खडकात आणि चुनखडकात अशा शोषण व्यवस्था करू नयेत, अशी सूचना त्याच भारतीय मानकात आहे, आणि महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग बेसॉल्टवर आहे, हे ध्यानात घेतले की त्या एका वाक्याचे वजन कळते. व्यवहारात त्याचा अर्थ असा घ्यावा, की खडकावर किमान दोन मीटर खरी माती किंवा बारीक, मातकट मुरूम असल्याशिवाय खोल शोषखड्डा करू नये.

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, वरून टणक दिसणारा जांभा आतून नळ्यांनी आणि पोकळ्यांनी पोखरलेला असतो, आणि त्याच्याखाली पांढरट-तांबूस चिकण मातीचा थर असतो. जांभ्यातून उतरलेले पाणी त्या चिकण थरावर अडते आणि आडवे सरकत उताराला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणून सड्यावरच्या वाडीतील शोषखड्ड्याचा संबंध शेजारच्या विहिरीपेक्षा खालच्या वाडीच्या झऱ्याशी अधिक असू शकतो, आणि नकाशावर तो झरा २०० मीटरवर असला तरी दाखवायलाच हवा.

तिसरी पायरी: पाझर चाचणी, घाई न करता

शोषचर म्हणजे टाकीचे पाणी जमिनीत मुरवणारा लांबट चर. चाचणीचे खड्डे त्याच्या नियोजित जागेतच आणि नियोजित खोलीइतकेच घ्यावेत. १० ते ३० सेंटीमीटर व्यासाचा सरळ भिंतींचा खड्डा पुरतो, आणि असे किमान तीन तरी घ्यावेत, कारण एका अंगणात दहा पावलांवर जमीन बदलते. कुदळीने किंवा पहारीने खणताना भिंती गुळगुळीत होतात आणि त्यांची रंध्रे बुजतात. म्हणून त्या सुरीने खरवडून सुटी माती काढावी आणि तळाशी ५ सेंटीमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी टाकावी. मग खडीच्या वर ३० सेंटीमीटर पाणी भरून किमान रात्रभर, शक्यतो २४ तास, माती पूर्ण भिजू द्यावी. दोन बादल्यांच्या चाचणीत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

या ठिकाणी मी स्वतः केलेली एक चूक सांगतो. एका शेतघरासाठी मी मे महिन्यात काळ्या मातीत चाचणी घेतली, भिजवण्याला जेमतेम चार तास दिले, आणि पाणी इतके भराभर गेले की मीच चकित झालो. ते पाणी मातीत जिरत नव्हतेच. उन्हाळ्याने पडलेल्या भेगांतून पळत होते. आषाढात त्याच भेगा फुगून मिटल्या आणि चर तुंबून अंगणभर पाणी झाले. काळ्या मातीतील चिकण खनिज पाणी घेऊन फुगते. म्हणून तिथे चाचणी पावसाळ्यानंतर, दसरा-दिवाळीच्या सुमारास घ्यावी, आणि उन्हाळ्यात घेणे भागच असेल, तर भेगा मिटेपर्यंत दोन-तीन दिवस खड्डा भरत राहावे.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी उरले असेल, तर त्याची उंची खडीच्या वर १५ सेंटीमीटर करून ३० मिनिटांत किती उतरले, ते मोजावे. पाणी उरले नसेल, तर १५ सेंटीमीटर पाणी भरून दर ३० मिनिटांनी मोजत आणि पुन्हा भरत चार तास वाचने घ्यावीत आणि शेवटच्या ३० मिनिटांची उतरण धरावी. वाळूत १५ सेंटीमीटर पाणी अर्ध्या तासाच्या आतच संपते. तिथे दर १० मिनिटांनी तासभर मोजून शेवटच्या १० मिनिटांची उतरण घ्यावी. खड्ड्याच्या तोंडावर आडवी फळी ठेवून तिच्यावरील एकाच खुणेपासून पट्टीने मोजले, तर वाचने जुळतात. नजरेच्या अंदाजाने घेतली, तर कधीच जुळत नाहीत.

पाणी २५ मिलिमीटर उतरायला लागणारी मिनिटे हा पाझर दर. शेवटच्या अर्ध्या तासात ७५ मिलिमीटर पाणी उतरले, तर पाझर दर १० मिनिटे झाला. दर चौरस मीटरला दिवसाकाठी किती लिटर टाकीचे पाणी सोडता येईल, हे काढण्यासाठी २०४ या संख्येला पाझर दराच्या वर्गमुळाने भागतात. १० चे वर्गमूळ सुमारे ३.१६, म्हणून उत्तर सुमारे ६५ लिटर येते. पाच माणसांचे घर दिवसाला ५०० लिटर पाणी सोडत असेल, तर चराच्या तळाचे क्षेत्र सुमारे ७.७ चौरस मीटर हवे, म्हणजे ६० सेंटीमीटर रुंदीचा साधारण १३ मीटर लांब चर. पाझर दर ३० मिनिटांपर्यंत असेल, तर शोषखड्डा किंवा चर यांपैकी काहीही चालते. ३० ते ६० च्या दरम्यान असेल, तर चरच करावा. आणि ६० च्या पुढे गेला, तर जमिनीत पाणी मुरवण्याचा नाद सोडून जैविक गाळणीकडे, म्हणजे जिवाणूंकडून मैलापाणी शुद्ध करून घेणाऱ्या गाळणीकडे वळावे. भूजल १.८ मीटरच्या आत असेल, तर चर जमिनीच्या वर, मातीच्या उंचवट्यात बांधावा लागतो. चाचणी स्वच्छ पाण्याने होते, तर प्रत्यक्षात चराच्या तळावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसून शोषण मंदावते. वरचे सूत्र ही घट धरूनच बेतलेले आहे, म्हणून त्यात आणखी काटकसर करू नये.

हे सूत्र आणि या मर्यादा भारतीय मानक २४७० मधल्याच आहेत. त्यात मंद जमिनीला बांध घातला आहे, वेगवान जमिनीला मात्र नाही. अमेरिकेतील काही राज्यांत इंचाला एका मिनिटापेक्षा वेगाने पाणी जिरणारी जमीन जशीच्या तशी वापरू देत नाहीत, आणि तो शहाणपणा आपणही उचलावा. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावरील पुळणीत असा वेग सहज मिळतो. तिथे मालक खूश होतो आणि मी वहीत लाल शेरा मारतो.

चौथी पायरी: पाण्याची पातळी आणि वाहण्याची दिशा

जवळच्या विहिरींतील पातळी मे महिन्यात, ऑगस्टच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये मोजावी. शोषखड्ड्याच्या तळाखाली पावसाळ्यातील सर्वोच्च पातळीपर्यंत किती कोरडी माती उरते, ही खरी मोजण्याची गोष्ट आहे. दोन खड्ड्यांच्या शौचालयासाठी हे अंतर दोन मीटर असावे असे धरतात. त्याहून कमी असेल, तर जंतूंचा धोका आधी आणि नत्राचा नंतर, असा क्रम लागतो.

दिशा काढण्यासाठी तीन विहिरी पुरतात, पण त्या एका रेषेत नसाव्यात. गवंड्याकडची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन घराच्या ओट्याच्या कडेला १०० मीटर ही काल्पनिक उंची द्यावी, त्या आधारे तिन्ही विहिरींच्या काठांची उंची काढावी आणि तीतून पाण्याची खोली वजा करावी. समजा, पाण्याची उंची पहिल्या विहिरीत ९६.४, दुसरीत ९५.८ आणि तिसरीत ९५.२ मीटर आली, आणि पहिली व तिसरी एकमेकींपासून १२० मीटरवर आहेत. ९५.८ ही पातळी त्या दोघींच्या बरोबर मध्ये, ६० मीटरवर येते. तो बिंदू दुसऱ्या विहिरीला रेषेने जोडला, तर ती समपातळीची रेषा झाली, आणि तिला काटकोनात, कमी उंचीच्या बाजूला भूजल वाहते. मोजणीच्या आदल्या रात्री कोणाचा पाच अश्वशक्तीचा पंप उसाला चालू असेल, तर हे सारे गणित त्या पंपाकडे झुकते, म्हणून शेजाऱ्याला आधी विचारून घ्यावे. भेगाळ पाषाणात ही रेषा केवळ अंदाज असते. वाळूत आणि जाड मुरमात ती चांगली लागू पडते.

पाचवी पायरी: नत्राचा हिशेब

जमिनीची दुसरी परीक्षा ती हीच. पाच माणसांच्या घरातून वर्षाला सुमारे १३.५ किलो नत्र निघते. टाकीतील गाळ आणि मातीतील थोडीफार घट मिळून चौथा हिस्सा वजा केला, तर सुमारे १० किलो भूजलाकडे जाते. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा भारतीय मानक १०५००, २०१२ नुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत सवलत नाही. नत्राच्या मापात ती सुमारे १० मिलिग्रॅम होते, कारण नायट्रेटचे वजन त्यातील नत्राच्या ४.४३ पट असते. म्हणजे १० किलो नत्र या मर्यादेत ठेवायला वर्षाला १००० घनमीटर पाणी लागते. त्यातले सुमारे १८२ घनमीटर घराच्या सांडपाण्याचेच असते. उरलेले ८१८ घनमीटर पावसाने द्यायला हवे.

नगर किंवा पूर्व पुणे भागात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्याचा दहावा हिस्सा जमिनीत मुरला, तर ६० मिलिमीटर पुनर्भरण मिळते. ८१८ घनमीटर मिळवायला त्यासाठी सुमारे १३,६०० चौरस मीटर जमीन लागते, म्हणजे जवळजवळ १३५ गुंठे, सव्वातीन एकरांहून अधिक. कोकणात ३००० मिलिमीटर पाऊस धरला आणि भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या प्रमाणानुसार जांभ्यात त्यातला ७ टक्के मुरला, तर २१० मिलिमीटर मिळतात आणि हीच गरज सुमारे ३९ गुंठ्यांवर येते. देशावर तीन एकरांना एक घर आणि कोकणात एकराला एक घर, असा हा ठोकताळा आहे. गावठाणात दोन गुंठ्यांना एक घर असते. तिथे हाच हिशेब लिटरला सव्वादोनशे मिलिग्रॅम नायट्रेटपर्यंत जातो, आणि गावठाणातल्या जुन्या आडाचे पाणी लोकांनी प्यायचे का सोडले, याचे एक उत्तर त्यात सापडते.

हे आकडे मुद्दाम कडक आहेत. वरच्या बाजूने येणाऱ्या भूजलाने होणारी विरळणी त्यांत धरलेली नाही, आणि झाडांनी उचललेले नत्रही धरलेले नाही. उलट बाजूने पाहता, शेतीच्या युरियामुळे येणाऱ्या पाण्यातच नायट्रेट असेल, तर विरळणी नावापुरतीच राहते. म्हणून या हिशेबाचा उपयोग पाण्याची प्रत वर्तवण्यासाठी करू नये. जमिनीच्या तुकड्यावर किती घरांचा भार सोसवेल, हे ठरवण्यासाठी करावा. सहा गुंठ्यांचे प्लॉट पाडून प्रत्येकाला स्वतंत्र बोअर आणि स्वतंत्र शोषखड्डा देणाऱ्या योजनेची जाहिरात वाचताना तो हमखास आठवतो.

सहावी पायरी: नमुना घेणे

शोषखड्ड्याच्या वरच्या बाजूची एक, खालच्या बाजूची जवळची एक आणि शक्य असल्यास लांबची एक, अशा तीन विहिरींचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत. वरच्या बाजूचा नमुना नसेल, तर खालच्या आकड्याला अर्थ उरत नाही. बोअरचा पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून केसिंगमधले शिळे पाणी काढून टाकावे, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी, बर्फाच्या पेटीत ठेवावी आणि २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी. जिवाणू चाचणीची बाटली वेगळी आणि निर्जंतुक असते. ती विसळायची नसते. नायट्रेटबरोबर अमोनिया, क्लोराइड, विद्युतवाहकता आणि ई. कोलाय (मैल्याची खूण असलेला आतड्यातला जिवाणू) मागावेत. वर्षातून तीन वेळा, म्हणजे पावसाच्या पहिल्या जोरानंतर, ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात नमुना घ्यावा, कारण आठ महिने मातीत साठलेले नायट्रेट पहिल्या मोठ्या पावसात एकदम खाली धुऊन येते आणि एकट्या मे महिन्याचा अहवाल ते दाखवत नाही.

अहवाल हातात आला, की आकड्याआधी एकक वाचावे. ‘नायट्रेट’ म्हणून १२ आणि ‘नायट्रेटमधील नत्र’ म्हणून १२ यांत साडेचार पटींचा फरक आहे. पहिले पाणी सुरक्षित, दुसरे मर्यादेच्या वर. आणखी एक फसवा प्रसंग असा, की खड्ड्याला अगदी लागून असलेल्या विहिरीत नायट्रेट जवळजवळ शून्य येते आणि घरचे लोक निर्धास्त होतात. अमोनिया आणि ई. कोलाय तेव्हाच भरपूर असतील, तर खड्डा भूजलात बुडाला आहे, प्राणवायूअभावी नायट्रेट बनायलाच वाव मिळाला नाही आणि विहिरीत कच्चे मैलापाणी येत आहे, असा त्याचा अर्थ होतो. तो शून्य पन्नासपेक्षा वाईट आहे.

दोष कोणाचा: खत, गोठा की टाकी

नायट्रेट सापडले म्हणजे सेप्टिक टाकी दोषी, असे नाही. युरिया देणाऱ्या ऊस-द्राक्षांच्या पट्ट्यात ते शेतातूनही येते. मिठाचा अंश मैलापाण्यात असतो आणि युरियात नसतो, म्हणून नायट्रेटबरोबर क्लोराइडही वाढले असेल, तर संशय टाकीकडे किंवा गोठ्याकडे वळतो. केवळ नायट्रेट वाढले असेल, तर शेताकडे. किनाऱ्यावर समुद्राचे मीठ या कसोटीचा बोऱ्या वाजवते. नत्राच्या समस्थानिकांची, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, तपासणी खत आणि मलमूत्र यांत फरक करू शकते, पण माणसाचे मलमूत्र आणि गुराचे शेण-मूत यांत तिची गफलत होते, आणि ती महागही आहे. गावपातळीवर मला अधिक विश्वासार्ह वाटते ती साधी गोष्ट: वरच्या आणि खालच्या विहिरींतील फरक, तो तिन्ही ऋतूंत टिकतो का, आणि उकिरडा हलवल्यावर पुढच्या वर्षी काय होते.

सातवी पायरी: निर्णय

जागा अजून ठरली नसेल, तर विहीर भूजलाच्या वरच्या अंगाला आणि चर खालच्या अंगाला ठेवणे, हा फुकट मिळणारा उपाय सर्वांत आधी वापरावा. दुसरा उपाय म्हणजे खोल शोषखड्ड्याऐवजी उथळ चर घेणे. चार मीटर खोल खड्डा मैलापाणी मुळांच्या आणि सेंद्रिय मातीच्या खाली नेऊन सोडतो. ५० ते ६० सेंटीमीटर खोलीच्या चरात तेच पाणी केळी, कर्दळ, अळू यांच्या मुळांना भेटते. जमिनीवरच्या थरात कर्ब असतो, तिथे काही नायट्रेट वायू होऊन निघून जाते, काही झाड उचलते. कोकणातली जुनी परसबाग न्हाणीच्या पाण्यावर केळी का लावी, हे सांगायला यंत्राची गरज नाही. मात्र चरावरच्या केळी पावसाळ्यात वाढतात आणि मग कापून जागेवरच कुजवल्या, तर त्यांतले नत्र परत खालीच जाते. कापलेले खांब लांब नेऊन टाकावेत.

चार-पाच घरे एकत्र येऊन चर सड्याच्या टोकावरून मागे, जाड मातीच्या बाजूला नेऊ शकतात. जमीन खरोखरच लहान आणि घरे दाट असतील, तर सामायिक प्रक्रिया केंद्राशिवाय मार्ग नाही, हे स्पष्ट लिहून द्यावे. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसली, तर चर तुंबत नाही, पण नायट्रेट त्यामुळे फारसे कमी होत नाही. बोअरची केसिंग पक्क्या खडकापर्यंत नेऊन तिच्याभोवती सिमेंटचा लेप दिला, तर वरचे दूषित पाणी थेट आत उतरत नाही. खालून भेगेतून येणारे मात्र तो थांबवत नाही.

चालू विहिरीत ४५ च्या वर आकडा आला असेल, तर घरात सहा महिन्यांच्या आतले, वरच्या दुधावर असलेले बाळ आहे का, हे पहिल्यांदा विचारावे. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी शेतविहिरींच्या नायट्रेटयुक्त पाण्यात कालवलेल्या दुधामुळे बाळे निळी पडल्याचे नोंदवले, आणि तेव्हापासून हीच कसोटी जगभर पाण्याच्या मर्यादेचा आधार राहिली आहे. अशा घरात दूध कालवायला त्या दिवसापासून दुसरे पाणी आणावे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते अधिकच दाट होते. अतिनील दिव्याचे किंवा केवळ मेणबत्ती-गाळणीचे यंत्र जंतू मारते वा अडवते, नायट्रेट नव्हे. आरओ यंत्र ते कमी करते, पण त्यातून बाहेर फेकले जाणारे पाणी पुन्हा विहिरीच्या कडेला ओतू नये.

पुढच्या मोजणीच्या तारखा, त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि नायट्रेट, अमोनिया व क्लोराइडचे आकडे एका वहीत ओळीने लिहावेत, आणि त्या वहीची एक प्रत शोषखड्ड्याच्या खालच्या अंगाला ज्याची विहीर आहे, त्या शेजाऱ्याकडेही ठेवावी.